माळ, हरिपाठ आणि ‘कोसला’

प्रश्न : मी माळकरी. नातीने दिलेली ‘कोसला’ वाचून मन खट्टू झालं. जगण्याला अर्थच नाही, असलं वाचणं पाप तर नाही? – एक वाचक, नांदेड

उत्तर : मुळीच नाही, मावशी. नेमाड्यांच्या या कादंबरीत (१९६३) नायक सांगवीकरची धाकटी बहीण जाते, ती पानं पुन्हा वाचा. सांगवीकरची टवाळी तिथं गळून पडते. सगळंच निरर्थक असतं, तर एवढा आकांत कशाला? तुकोबांचीही बायको आणि मुलगा दुष्काळात गेले. ते विठ्ठलाशीच भांडले. सांगवीकरला भांडायलाही कुणी नाही. मला तरी खरा फरक हाच वाटतो. नेमाड्यांनी पुढे तुकारामांवरही पुस्तक लिहिलं, बरं का! हरिपाठ चालू ठेवा, अन् नातीला विचारा, तिला त्यात काय आवडलं.