आभासी डिस्क आणि सेक्टरचे माप

जुनी हस्तलिखिते, ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे आज संगणकात साठविली जातात. त्यामुळे ही साठवण कोणत्या मापाने मोजली जाते, हा प्रश्न केवळ विज्ञानशाखेचा राहिलेला नाही. हे माप चुकले, तर ठेवा शाबूत असूनही तो नाहीसा झाल्यासारखा दिसतो. ते कसे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

डिस्कवरील मजकूर एकेका अक्षराने वाचला किंवा लिहिला जात नाही. तो ठराविक मापाच्या तुकड्यांनी हाताळला जातो. या तुकड्याला सेक्टर म्हणतात. सेक्टरांना शून्यापासून क्रमांक असतात आणि संगणक 'अमुक क्रमांकाचा सेक्टर दे' अशी मागणी करतो. हार्ड डिस्कच्या सेक्टरचे माप दीर्घकाळ ५१२ बाइट होते, तर सीडी-रॉमचे २०४८. सन २०१० च्या सुमारास हार्ड डिस्कमध्ये ४०९६ बाइटांचा सेक्टर रूढ होऊ लागला. प्रत्येक सेक्टरमागे मोकळी जागा, खुणा आणि चूक दुरुस्त करणारे संकेत ठेवावे लागतात. आठ लहान सेक्टरांच्या जागी एक मोठा आला की ही जागा वाचते व दुरुस्तीही अधिक समर्थ होते.

मात्र जुन्या प्रणालींना ५१२ चीच सवय होती. म्हणून अनेक डिस्का आत ४०९६ चे माप ठेवून बाहेर ५१२ सांगू लागल्या. अशा डिस्कवर ५१२ बाइट लिहावयाचे, तर आधी संपूर्ण मोठा सेक्टर वाचावा लागतो, त्यात बदल करावा लागतो व मग तो परत लिहावा लागतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कमध्ये यासाठी आणखी एक फेरा, म्हणजे सुमारे ८ मिलिसेकंद, खर्ची पडतो.

आता आभासी डिस्ककडे वळू. येथे फिरणारी तबकडी नसते. एखादी साधी फाइलच डिस्क म्हणून संगणकापुढे उभी केली जाते. तिच्या सेक्टरचे माप यंत्ररचनेने ठरत नाही. आज्ञावली सांगेल ते माप. हे स्वातंत्र्य सोयीचे आहे, पण जबाबदारीचेही आहे.

एक उदाहरण घेऊ. जीपीटी नावाच्या पद्धतीत डिस्कच्या विभागांची नोंद सेक्टर क्रमांक १ पासून सुरू होते. सेक्टर ५१२ चा असेल, तर ही जागा ५१२ व्या बाइटावर येते. ४०९६ चा असेल, तर ४०९६ व्या बाइटावर. समजा, ४०९६ च्या डिस्कची हुबेहूब नक्कल फाइलमध्ये घेतली आणि ती ५१२ ची आभासी डिस्क म्हणून जोडली. संगणक ५१२ व्या बाइटावर नोंद शोधतो, ती सापडत नाही आणि 'डिस्क रिकामी आहे' असा त्याचा समज होतो. एका आवृत्तीचे पृष्ठांक घेऊन दुसऱ्या आवृत्तीत उतारा शोधण्यासारखेच हे आहे. येथवर काहीच हरवलेले नसते. परंतु वापरणाऱ्याने डिस्क नव्याने आखली, तर मात्र हानी खरी होते.

यावर उपाय म्हणजे आभासी डिस्कला माप निवडू देणे. लिनक्सच्या लूप डिव्हाइसमध्ये ही सोय ४.१४ या आवृत्तीपासून (२०१७) आली. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या व्हीएचडी स्वरूपात ५१२ चेच माप होते. २०१२ मध्ये आलेल्या व्हीएचडीएक्समध्ये ४०९६ चेही चालते.

अशी आज्ञावली लिहिणाऱ्याने तीन पथ्ये पाळावीत. मागणी ज्या मापाने स्वीकारावयाची ते आणि प्रत्यक्ष साठवणीचे, अशी दोन्ही मापे स्पष्ट सांगावीत. मापाच्या पटीत न बसणारी मागणी नाकारावी. आणि खालची साठवण मोठ्या मापाची असताना लहान माप जाहीर करणे शक्यतो टाळावे. कारण मोठा सेक्टर परत लिहिताना वीज गेली, तर ज्याला हात लावला नव्हता तो शेजारचा मजकूरही बिघडू शकतो.

तात्पर्य, एकक सांगितल्यावाचून क्रमांकाला अर्थ नाही. डिस्कची नक्कल जपून ठेवणाऱ्या प्रत्येकाने तिच्यासोबत सेक्टरचे मापही टिपून ठेवावे. ही एका ओळीची नोंद पुढच्या अभ्यासकाला संपूर्ण संग्रह परत मिळवून देऊ शकेल.