दोन हजार मैलांची पाऊलवाट

इयत्ता नववीच्या वर्गात उत्तर अमेरिकेचा नकाशा लावून आम्ही ॲपलाचियन पर्वताची माहिती देत होतो. या पर्वतावरून एक अखंड पाऊलवाट जाते व काही लोक ती एकाच मोसमात आरंभापासून शेवटपर्यंत चालून जातात, असे सांगताच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, एवढे चालावयाचे म्हणजे माणूस पैलवानच असावयास हवा ना?" तेवढ्यात घंटा झाली. राहिलेले उत्तर येथे देत आहोत.

ही वाट दक्षिणेस जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वतावर सुरू होते आणि चौदा राज्ये ओलांडून उत्तरेस मेन राज्यातील कटाडिन शिखरावर संपते. लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची वारीची वाट सुमारे अडीचशे किलोमीटर धरली, तर अशा चौदा वाऱ्या एकापुढे एक जोडाव्या लागतील. वारकऱ्यास दिंडीची सोबत असते, गावोगाव पंगत मिळते. येथे मात्र कित्येक दिवस रान संपत नाही. शिधा, पांघरूण सर्व पाठीवर. वाट दाखविण्यास झाडांवर व खडकांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगविलेले असतात. एकावर एक दोन पट्टे दिसले, की पुढे वळण आहे, सावध असावे, असे समजावयाचे.

वाटेची कल्पना बेंटन मॅकाय यांनी १९२१ साली एका लेखात मांडली. शहरात राबणाऱ्या माणसांस डोंगरावर विसावा मिळावा, हा त्यांचा हेतू होता. पुढे मायरन ॲव्हरी नावाच्या वकिलांनी काम नेटाने रेटले. अंतर मोजण्याचे चाक ढकलीत ते स्वतः डोंगर हिंडले. १९३७ साली वाट पूर्ण झाली. ती स्वयंसेवकांनी तयार केली, आणि पडलेली झाडे दूर करणे, पट्टे पुन्हा रंगविणे ही कामे आजही मुख्यतः तेच करितात.

परंतु सबंध वाट कोणी सलग चालेल, असे पुष्कळांस वाटतच नव्हते. १९४८ साली अर्ल शॅफर हा तरुण ४ एप्रिलला निघाला व ५ ऑगस्टला कटाडिनवर पोहोचला. महायुद्धात इवो जिमाच्या लढाईत त्याचा जिवलग मित्र पडला होता. ते दुःख मनात घेऊन तो चालत होता. त्याच्या सांगण्यावर प्रथम जाणत्यांचाही विश्वास बसेना. रोजनिशी व छायाचित्रे दाखविल्यावर बसला.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. एमा गेटवुड या ओहायो राज्यातील शेतकरी बाई. अकरा मुलांची आई. नवऱ्याच्या हातचा मार त्यांनी वर्षानुवर्षे सोसला आणि अखेर घटस्फोट घेतला. मुले मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागल्यावर 'नॅशनल जिऑग्रॅफिक' मासिकाच्या १९४९च्या अंकातील या वाटेवरचा लेख त्यांच्या वाचनात आला. वाट सुखाची आहे, असे त्यावरून त्यांस वाटले.

१९५४ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्या उत्तरेकडून निघाल्या. थोड्याच दिवसांत मेनच्या जंगलात वाट चुकली, चष्मा फुटला, अन्न सरले. वनरक्षकांची गाठ पडली, तेव्हा त्यांनी घरी परत जाण्याचा सल्ला दिला. आजीबाई परतल्या. बहुतेकांची गोष्ट येथेच संपली असती, आणि कोणी त्यांस दोषही दिला नसता.

पुढल्या वर्षी ३ मे रोजी त्या दक्षिणेच्या टोकाहून निघाल्या. तेव्हा ते टोक जॉर्जियातच ओग्लथॉर्प पर्वतावर होते. मुलांना एवढेच सांगितले, की फिरावयास जाते. तंबू नाही, झोपण्याची पिशवीही नाही. जाड्याभरड्या कापडाची, घरी शिवलेली एक पिशवी खांद्यावर. तीत एक घोंगडी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा, सुका मेवा व डब्यातले खाद्य. पायांत साधे कॅनव्हासचे बूट. प्रवासात त्यांचे सहा-सात जोड झिजले. (सहलीच्या आदल्या दिवशी खरेदीची लांबलचक यादी करणाऱ्यांनी हे पुन्हा एकदा वाचावे.) मासिकात वाचलेले निवारे कोठे जळून गेलेले, कोठे राहण्याजोगे नव्हते, तेव्हा पानांच्या ढिगावर निजावयाचे. ऑगस्टात 'कॉनी' व 'डायॅन' या दोन चक्रीवादळांच्या पावसाने ओढे फुगले होते. वृत्तपत्रांतून नाव गाजू लागले, तेव्हा वाटेच्या दुरवस्थेविषयी त्या स्पष्ट बोलल्या, आणि त्यामुळे तिच्या डागडुजीकडे लोकांचे लक्ष वेधले.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या कटाडिनच्या माथ्यावर उभ्या राहिल्या. हिशेब फळ्यावर मांडून पाहा. तेव्हाची लांबी सुमारे २,०५० मैल, दिवस १४६; म्हणजे दिवसास सरासरी चौदा मैल. सपाट रस्त्यावर चौदा मैल ही मोठी गोष्ट नव्हे. आमच्या आधीच्या पिढीतील माणसे बाजारहाटासाठी तेवढे चालत. कठीण आहे ते एकशेसेहेचाळिसाव्या दिवशी, सुजलेल्या पायांनी, डोंगर चढत पुन्हा तेवढेच चालणे. संपूर्ण वाट चालावयास निघालेल्यांपैकी आजही सुमारे चौथा हिस्साच शेवटास पोहोचतो.

एकट्याने एका मोसमात ही वाट पुरी करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. लोक त्यांस 'ग्रँडमा गेटवुड' म्हणू लागले. २०२४ साली टारा डाउअर या धावपटू बाईंनी हीच वाट सुमारे ४१ दिवसांत धावून काढली व तोवरचा पुरुषांचा उच्चांकही मोडला. त्यांच्याबरोबर अन्नपाणी पुरविणारे साहाय्यक होते. दोघींची तुलना करण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही.

गेटवुड आजी १९५७ साली पुन्हा तीच वाट चालल्या. १९५९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, मिसूरीपासून ओरेगनमधील पोर्टलंडपर्यंत जुन्या वसाहतकऱ्यांच्या मार्गाने त्या सुमारे दोन हजार मैल चालत गेल्या. आणि १९६४ साली, टप्प्याटप्प्याने चालून, त्यांनी ॲपलाचियनची वाट तिसऱ्यांदा पुरी केली. तेव्हा त्यांचे वय शहात्तर होते. मेनचे ते जंगल, जेथून त्यांस घरी पाठविण्यात आले होते, त्यांनी तिन्ही वेळा पार केले.