दाखला बांद्यापर्यंतच

मी रत्नागिरीच्या खेड तालुक्यातला, कातकरी. लेकीच्या जातीच्या दाखल्यासाठी दीड वर्ष हेलपाटे घातले. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आणि त्या काळी आमच्या वाडीतलं कुणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. शेवटी गृहचौकशी झाली. म्हाताऱ्या आत्याला आमच्या बोलीतले शब्द, देव, लग्नातल्या चालीरीती विचारल्या. ती सांगत गेली, साहेब लिहीत गेले. प्रांतांच्या सहीचा कागद आला तेव्हा तिनं तो कपाळाला लावला.

तोच कागद घेऊन लेकीला बांद्याच्या हद्दीपलीकडे, गोव्यातल्या एका सरकारी संस्थेत प्रवेशाला नेलं. खिडकीतल्या बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. गोव्याच्या यादीत कातकरी नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. घटनेच्या ३४२व्या कलमानं जमातींची यादी राज्यागणिक वेगळी केली आहे. आमच्या शेजारचे कुणबी इथे ओबीसी, आणि गोव्यात कुणबी २००३ पासून अनुसूचित जमात! परत येईतो इकडची प्रवेशाची तारीख उलटली होती. एसटीत लेक चकार शब्द बोलली नाही. तिचं वर्ष गेलं.

म्हणून परराज्यात अर्ज भरण्याआधी नीट चौकशी करा. कर्नाटकाच्या यादीत कातकरी आहे, तरी इकडून गेलेल्याला त्या राज्याच्या राखीव जागा मिळत नाहीत. केंद्राच्या नोकऱ्यांना आणि केंद्रीय संस्थांना आपला दाखला चालतो, पण तो केंद्राच्या नमुन्यातला लागतो. तो वेगळा मागून घ्या.

कोळसा पाडायला, वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी मूळ दाखला घरीच ठेवावा. मुकादमाच्या हाती तर कधीच देऊ नये. सोबत आधार आणि रेशनकार्ड न्यावं. कार्ड आधारला जोडलेलं असेल, तर अंगठा लावून परराज्यातही धान्य मिळतं आणि उरलेला वाटा घरची म्हातारी माणसं गावात उचलू शकतात. अडलंच, तर पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जा. रत्नागिरी जिल्हा त्यांच्याच कक्षेत आहे.

आणि पोराचं नाव शाळेत घालताना जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ किंवा ‘आदिवासी’ लिहू देऊ नका. परवा पुतण्याचं नाव घालायला गेलो, तेव्हा गुरुजींनी ‘कातकरी’ लिहून मला वाचून दाखवेपर्यंत मी बाकावरून उठलो नाही.