बर्फावरची घसरगुंडी

मुलांनो, शाळेच्या घसरगुंडीवरून खाली यायला कितीसा वेळ लागतो? एक, दोन म्हणेपर्यंत आपण मातीत! आता अशी कल्पना करा, की घसरगुंडी जवळजवळ दीड किलोमीटर लांब आहे, सापासारखी वळणावळणाची आहे आणि पत्र्याऐवजी सगळी टणक बर्फाची आहे. अशा घसरगुंडीवरचे दोन खेळ आज मी तुम्हाला सांगणार आहे. एक बॉबस्ले, दुसरा स्केलेटन.

स्वित्झर्लंड देशात सेंट मॉरिट्झ नावाचे डोंगरातले गाव आहे. तिथे हिवाळ्यात इंग्रज पाहुणे येत. ते बिनचाकाच्या घसरगाड्यांवरून गावच्या रस्त्यांनी सुसाट घसरत. पायी चालणाऱ्यांची पंचाईत होऊ लागली. मग या खेळासाठी वेगळी वाट झाली. १८८४-८५ च्या हिवाळ्यात तिथे क्रेस्टा नावाची प्रसिद्ध वाट बांधली. १९०४ पासून बॉबस्लेची निराळी वाट आहे, लांबी १७२२ मीटर. ती दर वर्षी हिम आणि पाणी यांनी नवी बांधतात आणि दर वर्षी ती वितळून जाते, बरं का! दुसरीकडच्या वाटा बहुतेक सिमेंटच्या. त्यांच्या पोटातून नळ्या नेऊन थंडावा देतात आणि वर बर्फ धरवतात.

बॉबस्लेची गाडी होडीसारखी असते. खाली पोलादी पट्ट्या. आत दोघे किंवा चौघे बसतात. पुढचा दोऱ्या ओढून गाडी वळवतो, मागचा शेवटची रेषा ओलांडल्यावर ब्रेक लावतो. इंजिन नाही! सुरुवातीला सुमारे पन्नास मीटर सगळे गाडी ढकलत धावतात आणि टुणकन आत उडी मारतात. पुढचे काम उताराचे.

आता विचार करण्यासारखी गोष्ट. जड गाडी जास्त वेगाने का जाते? जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने पडतात असे आपण विज्ञानात शिकलो ना! खरे आहे, पण हवा नसेल तर. हवा समोरून अडवते. गाडीत माणसे जाडजूड बसवली म्हणजे वजन बरेच वाढते, पण समोरून हवा अडवणारा आकार तेवढाच राहतो. म्हणून अडथळा जड गाडीला कमी जाणवतो. १९५२ साली ऑस्लोच्या ऑलिंपिकमध्ये जर्मनीचे चार धष्टपुष्ट गडी जिंकले. चौघांचे मिळून वजन साडेचारशे किलोच्या वर! त्यापुढे वजनाला मर्यादा आली. आता चौघे आणि गाडी मिळून ६३० किलोंपेक्षा जास्त चालत नाही.

स्केलेटनला मात्र मला खरी छाती लागते असे वाटते. ही नुसती सांगाड्यासारखी लहान गाडी. तिच्यावर एकच खेळाडू पालथा पडतो, डोके पुढे, हनुवटी बर्फापासून काही बोटे वर. ब्रेक नाही, सुकाणू नाही. खांदा किंवा गुडघा किंचित दाबला की गाडी वळते. वेग ताशी १२६ किलोमीटर धरा. सातवीच्या मुलांनी गणित करून पहावे, सेकंदाला ३५ मीटर येतात. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. तरीसुद्धा २०१८ मध्ये दोघांच्या बॉबस्लेत जर्मनी आणि कॅनडा यांची चार फेऱ्यांची बेरीज अगदी सारखी आली आणि सुवर्णपदके दोन द्यावी लागली!

ल्यूज हा याच जातीचा तिसरा खेळ. त्यात उताणे निजून पाय पुढे करून जातात. २०१० साली कॅनडातल्या व्हिसलर येथे ऑलिंपिक सुरू होण्याच्या दिवशीच सराव करताना जॉर्जिया देशाचा नोदार कुमारिताश्विली वाटेबाहेर फेकला गेला आणि मरण पावला. तो २१ वर्षांचा होता. त्यानंतर तिथली भिंत उंच केली आणि स्पर्धकांना खालून सुरुवात करायला लावली. म्हणून बेरिंगच्या गाडीवरून डांबरी उतारावर जाणाऱ्या शूरांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

तुम्ही विचाराल, गुरुजी, ज्यांच्याकडे बर्फाची वाटच नाही त्यांनी काय करायचे? ब्रिटनमध्ये अशी एकही वाट नाही. बाथ गावी रुळांवर चाकांची गाडी ढकलून तिथले खेळाडू सुरुवातीच्या धावेचा सराव करतात. तिथल्याच लिझी यार्नोल्डने २०१४ आणि २०१८ असे दोनदा स्केलेटनचे सुवर्णपदक नेले. आणि आपल्याकडे? हिमाचल प्रदेशात मनालीजवळ वशिष्ठ गावचा शिव केशवन १९९८ मध्ये सोळाव्या वर्षी ल्यूज खेळायला जपानमध्ये नागानोला गेला. तेव्हापासून २०१८ पर्यंत तो सहा ऑलिंपिक खेळला. गाडीला चाके लावून तो हिमालयातल्या घाटरस्त्यांवर सराव करी. समोरून मालमोटारी येत, मेंढरांचा कळप आडवा येई आणि हा पठ्ठ्या मधून वाट काढी!