बादलीतली कोथिंबीर

दिवाळीनंतर आपल्या खडकीत थंडी पडते. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते, थंडीत मात्र पानं जास्त दिवस कोवळी राहतात. आमच्या घराला अंगण नाही, म्हणून मी जुन्या बादलीत लावली.

बुडाला भोकं पाडून माती नि शेणखत भरलं. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून धने रगडून फाकी केल्या, रात्रभर भिजवून पेरल्या. आठ-दहा दिवसांत कोंब येतात, चाळीसेक दिवसांत कोथिंबीर. तांदूळ धुतलेलं पाणी घालावं, साबणाचं नको. जुडी महागली की आईला घरचीच उपयोगी पडते.

जवळच्या गणेशखिंडीच्या बागेत डॉ. चीमा यांनी १९३६ साली डाळिंबाची 'गणेश' जात निवडून काढली. तुम्ही निदान एक बादली तरी लावाच!