मुलगा म्हणतोय, मला इमाम व्हायचंय

परवा इशाच्या नमाजनंतर तुम्ही दोघं घरी आलात. चहा तसाच निवत राहिला. वहिनी, पहिल्यांदा तुम्हीच बोललात, "सर, तुम्ही त्याचे वर्गशिक्षक होतात. तुमचं ऐकेल तो. हे खूळ त्याच्या डोक्यातून काढा." भाई मान खाली घालून बसले होते. कुवेतहून दोन महिन्यांच्या रजेवर आलेला माणूस, आणि रजेचे पहिलेच दिवस या एकाच विषयात गेलेले.

त्या रात्री मी फारसं बोललो नाही. मुलगा आतल्या दाराशी उभा होता, त्याच्यासमोर बोलावंसं वाटलं नाही. म्हणून आता लिहितोय. सावकाश वाचा, दोघांनी एकत्र बसून वाचा.

तुमचा प्रश्न एकच होता : "नमाज पढ, रोजे ठेव, कोण नको म्हणतंय? पण इमाम होऊन खाणार काय?" ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मी पेशइमामाचा मुलगा आहे. माझे अब्बा खाडीकाठच्या एका गावात ३१ वर्षं इमामत करत होते. मशिदीच्या हौदाला लागून त्यांची आठ बाय दहाची खोली. पावसाळ्यात भिंतीला हात लावला की तळवा ओला व्हायचा. किताबी लोखंडी ट्रंकेत, वर कडुनिंबाचा पाला. आई आणि धाकटी भावंडं आजोळी राहायची; मी तेवढा शिकायला त्यांच्याजवळ. १९७९ साली त्यांना महिना १७५ रुपये मिळत, आणि जेवण गावातल्या घरांच्या पाळीनं. तीन पुडांचा डबा घेऊन मीच जायचो. कुठल्या घरचा डबा जड लागायचा आणि कुठल्या घरी "थांब जरा" म्हणून अर्धा तास उंबऱ्याबाहेर उभं करायचे, हे मला अजून पाठ आहे.

अब्बांना टायफॉइड झाला तेव्हा पहिला महिना पगार आला. दुसऱ्या महिन्यात जमातीचा निरोप आला, बदली इमामाला द्यायचे आहेत, तुमचे थांबवतोय. निरोप घेऊन आलेला माणूस ईदला अब्बांचा हात डोळ्यांना लावायचा. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. इमाम व्हायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं, आणि डी.एड. करून मास्तर झालो.

एवढं सगळं माहीत असूनही मी तुमच्या मुलाला "नको" म्हणणार नाही. का, ते सांगतो.

त्याच खोलीत दुपारच्या वेळी बायका यायच्या. नवरे दुबईला, मस्कतला, जहाजावर. आलेलं पत्र अब्बा वाचून दाखवायचे आणि उत्तर लिहून द्यायचे. मला बाहेर ओट्यावर बसायला सांगत. कुठल्या घरात काय दुखतंय हे गावात एकट्या अब्बांना ठाऊक असायचं, आणि ते त्यांच्याबरोबरच कबरीत गेलं. एकदा खाडीत बुडालेल्या एका खलाशाचं प्रेत चौथ्या दिवशी सापडलं. जवळ उभं राहवत नव्हतं. त्याची दोन पोरं तोंडाला रुमाल लावून लांब उभी. अब्बांनी कंदील जवळ ओढला, बाह्या सरसावल्या आणि थोरल्याला नावानं हाक मारली, "ये, तुझा बाप आहे. पाणी तू घाल, मी सांगतो कसं." हलक्या हातानं, न चोळता, पाणी कसं सोडायचं ते त्यांनी त्याला दाखवलं. कफनाचे तीनही कपडे त्यांनी स्वतः फाडले. तो थोरला आज साठीला आलाय. भेटला की अजून तेवढंच बोलतो, "तुझ्या अब्बांनी मला त्या दिवशी बापाजवळ नेलं."

इमाम म्हणजे नुसता पाच वेळा पुढे उभा राहणारा माणूस नव्हे. तुमच्या मुलाला यातलं काय दिसलंय, ते आधी त्याला विचारा. मी विचारलं नाही; तो हक्क तुमचा आहे. एखाद्या कारीचा आवाज ऐकून भारावलाय का? बीजगणिताला कंटाळून पळवाट शोधतोय का? की खरंच आतून काही हललंय? रागावून विचाराल तर तो तुम्हाला आवडेल तेच उत्तर देईल. पंधरा वर्षांच्या पोराला स्वतःचंच मन नीट कळत नसतं, त्याला वेळ द्या.

तुमच्या मुलानं हे स्वतःहून मागितलंय, याचं मोल मला माझ्या भावामुळे कळलं. तो आजारी पडला तेव्हा आईनं मन्नत मागितली होती, वाचला तर हाफिज करीन. हाफिजाच्या आईबापाच्या डोक्यावर कयामतीला ताज असेल, या श्रद्धेवर ती जगत होती. आठव्या वर्षी त्याला दूरच्या मदरशात ठेवलं. पहाटेपासून सबक, मग मागच्या काही दिवसांचं, मग आमोख्ता. तीस पारे डोक्यात राहायचे तर उजळणी एक दिवसही चुकवून चालत नाही. त्याचं मन लागेना, मार बसू लागला. अकराव्या वर्षी तो पळाला. एसटी स्टँडवर एका कंडक्टरनं त्याला ओळखून घरी आणून सोडलं. पायात चप्पल नव्हती. आई त्याला कुशीत घेऊन रडली, पण त्यानंतर कितीतरी वर्षं तो मशिदीच्या पायरीपाशी थबकायचा. मुलाच्या हयातीवर आपल्या पुण्याईची पेरणी करू नये, एवढं मी त्याच्याकडून शिकलो. आणि आता तुम्ही उलट्या बाजूनं तेच करू पाहताय. आईनं त्याला न विचारता पाठवलं, तुम्ही याला न ऐकता अडवताय.

आता पगाराचं. भाई, इथे थोडं कडू बोलणार आहे, राग मानू नका. इमामाचा पगार कोण ठरवतं? १९९३ साली सुप्रीम कोर्टानं वक्फ बोर्डांना इमामांच्या वेतनाची व्यवस्था करायला सांगितलं होतं, हे खरं. पण आपल्या कोकणातल्या गावोगावच्या मशिदींत पगार येतो तो जमातीच्या वर्गणीतून, आणि आकडा ठरतो जमातीच्या सभेत. तुम्ही त्या जमातीचे सभासद आहात. गेल्या वर्षीच्या सभेला मी होतो. मिनाराच्या रंगाला आणि नव्या फरशीला पैसे दहा मिनिटांत जमले. कुवेत-कतारवाल्यांनी फोनवर आकडे सांगितले. इमामसाहेबांच्या पगारात दोन हजार वाढवायचा विषय निघाला तेव्हा तास गेला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. "त्यांना खर्च तो काय? राहायला खोली आहे, जेवण आहे." हे वाक्य कोण बोललं ते लिहीत नाही. पण मुलाच्या ताटात काय पडेल म्हणून तुम्हाला धास्ती वाटते ना, ते ताट आपणच वाढतो.

वहिनी, तुम्ही जाता जाता दारात म्हणालात, "मुलगी कोण देईल त्याला?" तुमच्या नणंदेच्या मुलीला गेल्या वर्षी एका आलिमाचं स्थळ आलं होतं. नकार कळवताना तुम्ही सगळ्यांनी मिळून काय कारण दिलंत, ते आठवून पाहा. मुलीला काय वाटत होतं, ते तिला तरी कुणी विचारलं होतं का?

आपल्या मशिदीत सध्या जे इमाम आहेत ते उत्तर प्रदेशचे. सरळ, कष्टाळू माणूस. वर्षातून एकदा महिनाभर गावी जातात. धाकटी मुलगी त्यांना अनोळखी माणसासारखी बघते, हे त्यांनीच मला सांगितलं. आजूबाजूच्या गावांतही बहुतेक इमाम उत्तर प्रदेश-बिहारचेच. कारण आपली पोरं या कामाला नकोत, आपल्याला ती आखातात हवीत. हे इमाम आले तेव्हा पहिल्या फजरला चांगलाच घोळ झाला. आपण कोकणी शाफई, ते हनफी. दुसऱ्या रकातीत रुकूनंतर सगळे कुनूतसाठी हात उचलून उभे आणि इमामसाहेब थेट सजद्यात. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपल्या पद्धतीनं सुरुवात केली, असरची वेळही आपली घेतली. त्यांनी आपल्यासाठी एवढं केलं. पण जुम्याचं बयान उर्दूत होतं, आणि मागच्या सफेतले म्हातारे मान डोलावतात तेव्हा त्यांना निम्मंच कळलेलं असतं. आपल्या बोलीत, आपल्या मराठीत, सासू-सुनेचं, वारसाहक्काचं, बहिणीच्या वाट्याचं बोलणारा आपल्यातला कुणी त्या मिंबरवर उभा राहिला तर काय होईल, याचा विचार मी हल्ली फार करतो. तुमचा मुलगा माझ्या वर्गात निबंध वाचून दाखवायचा तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही गप्प बसायची. ही ताकद मी पाहिलेली आहे.

तर मार्ग कसा असावा? दहावी इथेच, शाळेतच. यात तडजोड नाही, त्यालाही तसं स्पष्ट सांगा. इमामतीसाठी हाफिज असायलाच हवं असं नाही, किरात आणि तजवीद मात्र शुद्ध हवी. मखरज बिघडला तर अर्थ बिघडतो. दहावीनंतर आलिमचा अभ्यासक्रम. साधारण सात-आठ वर्षं, दहावी झालेल्यांसाठी काही ठिकाणी थोडा कमी. देवबंदचं दारुल उलूम १८६६ पासून आहे, लखनौचं नदवा आहे, आपल्या राज्यात नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याचं मोठं जामिया आहे, आणि शाफई फिकह शिकायचा तर कर्नाटकात भटकळ. बहुतेक ठिकाणी पाया दर्स-ए-निजामीचा, म्हणजे अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगीमहलच्या मुल्ला निजामुद्दीनांनी घालून दिलेल्या क्रमाचा. अरबी व्याकरण, तर्क, फिकह, तफसीर, शेवटी हदीसचे मोठे ग्रंथ. हे सोपं शिक्षण नाही. इंजिनिअरिंगइतकीच रात्र जागावी लागते.

हे चालू असताना बारावी सुटू द्यायची नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून. पुढे अलीगढ विद्यापीठात मदरशातून आलेल्यांसाठी २०१३ पासून ब्रिज कोर्स आहे. तिथून ही मुलं कायद्याला, इंग्रजीला, समाजकार्याला जातात. आपल्या सैन्यात धर्मशिक्षक म्हणून मौलवी नेमतात, नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर. पण त्यासाठी आलिमच्या सनदेबरोबर पदवी लागते. पदवी आणि बी.एड. असेल तर तो शाळेत अरबी-उर्दू शिकवू शकेल, आणि पगारासाठी कुणासमोर मान झुकवायची वेळ आली तर खोलीची किल्ली टेबलावर ठेवू शकेल. अब्बांना तो पर्याय नव्हता.

आणि आजच्या इमामाला देशाचा कायदा माहीत हवाच. त्याच्यासमोर निकाहनामा येतो तेव्हा मुलीचं वय अठरा पूर्ण आहे का, विवाहनोंदणी होणार का, हे त्यानंच विचारायचं असतं. २०१९च्या कायद्यानंतर एका दमात दिलेला तलाक हा गुन्हा आहे. चिडलेला नवरा रात्री अकराला मशिदीत येतो तेव्हा त्याला खाली बसवून पाणी देणारा आणि हे सांगणारा पहिला माणूस इमामच असतो. त्या क्षणी नुसता धार्मिक असून भागत नाही, शिकलेला लागतो.

मदरसा निवडताना मात्र सनदेवर, इमारतीवर जाऊ नका. न कळवता जा. मुलं झोपतात तिथे जा, संडास बघा, भटारखान्यात डाळीचं पातेलं उघडून बघा. लहान मुलांच्या हातांवर, पोटऱ्यांवर वळ आहेत का ते बघा. घरी फोन कधी करू देतात, विचारा. उत्तर देताना जो उस्ताद चिडेल, तिथे मुलगा ठेवू नका.

पण हे सगळं नंतरचं. आधी एक करा. या सुट्टीत महिनाभर त्याला आपल्या इमामसाहेबांच्या हाताखाली द्या. मी त्यांच्याशी बोललोय, ते तयार आहेत. फजरच्या बांगेआधी उठून मशीद उघडायची, हौद घासायचा, संध्याकाळी मक्तबच्या पोरांचा नाजरा ऐकायचा. तिथली तीस पोरं एकाच वेळी वेगवेगळं वाचत असतात, आणि चूक नेमकी कुणाची ते कानानं पकडावं लागतं. गावात मयत झालीच तर त्यानं गुसलला उभं राहायचं. आणि आठवड्यातून दोनदा इमामसाहेबांचा डबा त्यानं आणायचा, आपल्याही घरचा, दुसऱ्यांच्याही.

महिन्यानंतर तो काय म्हणतो ते ऐकू. नको म्हणाला तर त्याला चिडवायचं नाही, हे तुमच्याकडून कबूल करून घेतोय. हो म्हणाला तर भाई, तुमची रजा संपण्याआधी भटकळला आपण तिघं जाऊन येऊ. गाडीचं तिकीट मी काढतो.

जमातीची पुढची सभा तुम्ही जाण्याच्या आदल्या रविवारी आहे. पगाराचा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यायला मी चिटणिसांना सांगितलंय.