चढणीवरचे पाणी : साल्हेरच्या वाटेवर मिळालेला एक धडा

बारडोलीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांचा चढणीशी संबंध दवाखान्याच्या जिन्यापुरताच. मिंढोळा नदीकाठची सपाट काळी जमीन आणि नजर पोहोचेल तेथवर ऊस, हे आपले दृश्य. परंतु गळीत हंगाम सुरू झाला की डोंगर आपणहून आपल्या दारी येतो. डांग, नंदुरबार, धुळे व नाशिक या जिल्ह्यांच्या डोंगराळ भागांतून तोडणीची कुटुंबे उतरतात, शेताच्या कडेला पडाव टाकतात आणि कोणाचे मूल तापले, कोणाच्या हाताला कोयता लागला, की आपल्याकडे येतात. त्यांचा मुलूख पाहावा, या इच्छेतून आम्ही सहा डॉक्टर एका ऑक्टोबरात, कोजागरीनंतरच्या रविवारी, साल्हेरला गेलो. त्या दिवशी जे घडले त्यात चूक माझी होती. ज्या मित्राच्या जिवावर बेतले होते, त्यांच्या संमतीने ती येथे मांडत आहे. नाव त्यांच्याच इच्छेनुसार गाळले आहे.

साल्हेरचा परिचय

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण भागात, सेलबारी-डोलबारी रांगेत, डांगच्या सीमेला लागून साल्हेर उभा आहे. उंची १५६७ मीटर. कळसूबाईच्या (१६४६ मीटर) खालोखाल महाराष्ट्रातील हे दुसरे उंच शिखर आणि किल्ल्यांमध्ये सर्वांत उंच. माथ्यावर परशुरामाचे छोटे मंदिर आहे. परशुरामाने येथूनच बाण सोडून समुद्र मागे हटविला, अशी आख्यायिका सांगतात. १६७० साली सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांचे सैन्य याच बागलाणातून गेले होते. १६७२ साली साल्हेरच्या पायथ्याशी प्रतापराव गुजर आणि मोरोपंत पिंगळे यांनी मोगल फौजेचा उघड्या मैदानात पराभव केला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत साल्हेर आहे. साहजिकच तेथे जाणाऱ्यांची संख्या वाढेल, आणि त्यांत आपल्यासारखी पन्नाशी-साठी ओलांडलेली मंडळीही असतील.

त्या दिवशी काय घडले

सकाळी सातला आम्ही वाघांबे गावातून निघालो. वाट दाखविण्यास गावातील एक गृहस्थ बरोबर होते. बोलता बोलता कळले, की ते कित्येक हंगाम बारडोलीच्या परिसरात ऊसतोडीला येत असत. निघताना मी वडीलकीच्या नात्याने सर्वांना सूचना दिली : "तहान लागो वा न लागो, तासाला एक लिटर पाणी प्यायलेच पाहिजे." ऑक्टोबरचे ऊन, उघडा कातळ, सल्ला शहाणपणाचाच वाटला.

माझे मित्र एकसष्ट वर्षांचे. रक्तदाबासाठी थायाझाइड गटातील मूत्रल गोळी रोज सकाळी घेणारे, मीठ जपून खाणारे आणि शिस्तीचे पक्के. त्यांनी माझी सूचना घड्याळ लावून पाळली. चिवडा व लोणचे नाकारून केवळ केळी खाल्ली. साडेअकराला आम्ही माथ्यावर होतो. एकच्या सुमारास उतरू लागलो तेव्हा त्यांच्या पोटात सुमारे साडेपाच लिटर साधे पाणी गेले होते.

उताराच्या पहिल्या टप्प्यातच त्यांचे डोके दुखू लागले, मळमळले, उलटी झाली. मी निदान केले : उन्हाचा त्रास, शरीरातील पाणी कमी झाले. सावलीत बसवून आणखी पाणी पाजू लागलो. नाडी भरलेली होती, जीभ ओली होती, अंग तापलेले नव्हते. बोटातील अंगठी रुतत असल्याची तक्रार त्यांनी दोनदा केली. ही चारही चिन्हे मी पाहिली आणि चारही बाजूला सारली. तेवढ्यात ते वाटाडे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ह्यांना तहान नाही. नको म्हणतात, तर पाणी कशाला पाजता?"

मी त्यांना गप्प केले. पाचच मिनिटांनी मित्रांनी मला विचारले, "बाहेर किती पेशंट बसलेत?" तेव्हा माझ्या हातातील बाटली खाली आली.

पुढील अडीच तासांचे वर्णन करीत नाही. वाटाड्यांनी गावातून चार माणसे बोलावली, घोंगडी बांबूला बांधून झोळी केली आणि ज्या पायऱ्यांवर आम्ही स्वतःला सांभाळून उतरत होतो, तेथून त्यांना खाली आणले. गाडीत त्यांना झटका आला. जवळच्या मोठ्या गावातील रुग्णालयात एका तरुण डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला : "पाणी किती प्यायले?" रक्तातील सोडियम ११८ निघाले. ३ टक्के सलाईन दिल्यावर रात्रीपर्यंत ते शुद्धीवर आले. आज ते उत्तम आहेत.

चूक कोठे झाली

सोडियमची सामान्य पातळी १३५ ते १४५. दीर्घ श्रमात, विशेषतः वेदना वा मळमळ असेल तर, मूत्र रोखणारे संप्रेरक वाढते. मूत्रपिंड जादा पाणी बाहेर टाकू शकत नाही. त्याच वेळी साधे पाणी पोटात जात राहिले की रक्त पातळ होते, पाणी पेशींत शिरते आणि कवटीत बंदिस्त असलेला मेंदू सुजतो. थायाझाइडने हा धोका वाढतो. घामातून मीठ जाते हे खरे. पण मुख्य कारण पाण्याचा अतिरेक हेच असते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्क्यांचे सोडियम कमी आढळले होते. डोंगरात चालणारा धावपटूपेक्षा हळू चालतो, घाम कमी गाळतो. परंतु पाणी पिण्यास त्याला अधिक वेळ मिळतो.

व्यवसायबंधूंनी तीन अवस्थांतील भेद ध्यानी ठेवावा. पाणी कमी झाले असेल तर तहान तीव्र, जीभ कोरडी, नाडी जलद, मूत्र गडद व अल्प. उष्माघातात अंग भट्टीसारखे तापते, शरीराचे तापमान ४० अंशांवर जाते आणि भान हरपते; अशा वेळी आधी अंग गार करावे, मग हलवावे. कपडे सैल करून पाणी ओतावे व वारा घालावा. अर्धा तास वाया गेला तर जीव जातो. सोडियम कमी झाले असेल तर तहान नसते, डोके दुखते, हातपाय सुजतात, पुढे बरळणे व झटके येतात. अशा रुग्णास साधे पाणी देऊ नये. क्षारसंजीवनीने उपचार झाला, असेही समजू नये. तिच्यात लिटरमागे सोडियम ७५ मिलिमोल, म्हणजे रक्ताच्या जवळजवळ निम्मे असते. रुग्णालयात ३ टक्के सलाईन १०० मिली द्यावे. गरज पडल्यास दहा-दहा मिनिटांनी आणखी दोनदा. "एक बाटली लावून टाका" ही आपली सवय, आणि ती बाटली ग्लुकोजची असेल, तर येथे घातक ठरते.

वेळेचे गणित

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक नियम घालून दिला. आजच्या मापांत सांगायचे तर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. चार किलोमीटर वाट व साडेसातशे मीटर चढ धरला तर दोन तास होतात. तो हिशेब त्यांच्याकडील थंड, ओलसर माळरानांचा. आम्हांस साडेचार तास लागले. सपाटीवरच्या पन्नाशीपुढील माणसाने नियमाची दुप्पट धरावी, आणि ठरलेल्या वेळी माथा गाठला नसेल तर परत फिरावे. थकलेल्या मांड्यांवर खरा ताण उतारावर येतो. गुडघे व घोटे तेथेच दुखावतात.

अन्य धोके, थोडक्यात

आग्यामाश्यांची पोळी कड्यांवर असतात. धूर, अत्तर व आरडाओरडा टाळावा. दंशानंतर धाप लागली वा रक्तदाब घसरला तर ॲड्रेनॅलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत तत्काळ द्यावे. सर्पदंशात अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे; आवळपट्टी व चीर नको. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जगाला दाखवून दिला. ती गोळी पेटीत असावी.

निघण्यापूर्वी

१. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. भरपूर बरोबर न्यावे. पण घड्याळ पाहून पिऊ नये.
२. खारे पदार्थ बरोबर घ्यावेत. रक्तदाबाच्या रुग्णांनी त्या दिवसाच्या गोळ्यांविषयी, विशेषतः मूत्रल गोळीविषयी, आपल्या चिकित्सकास आधी विचारावे.
३. चाळिशीनंतर हृदयाची तपासणी करावी आणि महिनाभर रोज जिने चढण्याचा सराव ठेवावा.
४. गावातील वाटाड्या अवश्य घ्यावा, आणि त्याचे ऐकावे.

शेवटची सूचना मी सर्वांत उशिरा शिकलो. त्या गृहस्थांना वैद्यकाचे शिक्षण नव्हते. परंतु समोरचा माणूस पाणी नको म्हणतो आहे, हे त्यांनी ऐकले होते. मी तेच वाक्य ऐकून न ऐकल्यासारखे केले. पुढील हंगामात ते ऊसतोडीला आले तेव्हा मित्राची चौकशी करण्यासाठी दवाखान्यात डोकावले. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागविला आणि त्या दिवशी गप्प केल्याबद्दल क्षमा मागितली. ते हसले आणि म्हणाले, "साहेब, आता तुम्ही चालायला शिकलात. पुन्हा या."

येत्या हिवाळ्यात आम्ही सहाही जण पुन्हा जाणार आहोत.